मुंजीतली मेखला, दंड, जानवं: नेमका अर्थ कुठला छापायचा?

हरिपूर_संगम

नमस्कार मंडळी. वैशाखात सांगलीत मुंज आहे. कार्यालयात मागे बसलेल्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही आणि लाउडस्पीकरवरून कळतही नाही. म्हणून आठ पानी पुस्तिका करायची ठरली आहे: विधी कोणता, बटूच्या हातात काय दिलं, त्याचा अर्थ काय.

गाडी अर्थापाशी अडली. एका ठिकाणी मेखलेचे (बटूच्या कमरेला बांधायच्या गवताच्या दोराचे) तीन पदर म्हणजे तीन वेद. दुसरीकडे तेच सत्त्व-रज-तम. तिसरीकडे ब्रह्मा-विष्णू-महेश. जानव्याचे तीन धागे म्हणजे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. दंड म्हणजे संयम, अजिन (हरणाचं कातडं) म्हणजे पावित्र्य आणि शेंडी म्हणजे अँटेना. (शेवटचं छापणार नाही, निर्धास्त असा.) तीन आकडा दिसला की हाताला लागेल ती तिकडी चिकटवलेली दिसते.

यातलं जुनं किती आणि मागाहून आलेलं किती? जानव्याचे ९६ चौंगे (चार बोटांभोवतीचे सुताचे वेढे) का? मुंज गवत इथे मिळत नाही, मग मेखला कशाची करायची? मृगाजिनाचं काय? आणि सकाळी मुंज, दुपारी सोडमुंज (मेखला सोडण्याचा विधी) यात अर्थाचा काही घोटाळा होतो का? घर ऋग्वेदी देशस्थ आहे.

---

पळसपान

ऋग्वेदी म्हणजे विधींसाठी आश्वलायन सूत्र हा ग्रंथ, हे सांगितलंत ते बरं केलंत. पुस्तिकेचा क्रमच त्यावर ठरतो. आपस्तंब आणि हिरण्यकेशी या यजुर्वेदी सूत्रांत मेखला आधी बांधतात. आश्वलायन सूत्रात सावित्रीचा, म्हणजे गायत्री मंत्राचा, उपदेश आधी येतो, मेखला आणि दंड त्यानंतर. हिरण्यकेशींकडे बटूला उजवा पाय दगडावर ठेवायला लावतात, ‘अश्मेव त्वं स्थिरो भव’ म्हणजे दगडासारखा स्थिर हो. आश्वलायनांच्या उपनयनात हा दगड नाही, त्यांच्याकडे तो लग्नात येतो. तयार पुस्तिका बघून पानं छापली तर पाहुणे दगड शोधत बसतील.

अर्थाबद्दल माझा साधा नियम आहे. वस्तू देताना म्हणायच्या मंत्रात काय आहे ते पहिलं बघायचं. त्यात काही नसेल तर ब्राह्मणग्रंथ (यज्ञविधींचा खुलासा करणारे वैदिक ग्रंथ) त्या वस्तूबद्दल काय सांगतात ते बघायचं. तिथेही हाती काही लागलं नाही तर अर्थ मागाहून जोडलेला समजायचा. छापायला हरकत नाही, फक्त ‘असंही मानतात’ एवढं लिहावं.

या नियमाने गेलात तर सगळ्या विधीच्या मुळाशी एकच प्रतिमा सापडते, गर्भाची. अथर्ववेदाच्या ब्रह्मचारी सूक्तात (११.५) म्हटलंय की उपनयन करणारा आचार्य ब्रह्मचाऱ्याला आपल्या आत गर्भ करतो, तीन रात्री उदरात वागवतो आणि तो जन्मला की देव त्याला बघायला जमतात. द्विज शब्दाचा अर्थ इथे सरळ उलगडतो, आणि या जन्मातली आई म्हणजे गुरू.

हा गर्भ किती दिवसांचा, याची चर्चा शतपथ ब्राह्मणात (११.५.४) आहे. पूर्वी सावित्री वर्षाने सांगत, कारण गर्भ वर्षाएवढा होऊन जन्मतो. मग सहा महिने, चोवीस दिवस, बारा दिवस, सहा, तीन, असं करत करत ब्राह्मण बटूला लगेच सांगावी इथवर ते येतं. म्हणजे घाई आपल्याच काळात सुरू झाली असं नाही.

आश्वलायन सूत्रात ‘तीन रात्री’ आजही शिल्लक आहेत. मुंजीनंतर तीन रात्री, बारा रात्री किंवा वर्षभर बटूने क्षार आणि मीठ न खाता जमिनीवर झोपायचं आणि त्यानंतर मेधाजनन, म्हणजे बुद्धीसाठी पळसाला पाणी घालण्याचा विधी, करायचं. चौथ्या दिवशीचा पळसोला तो हाच. आता तो त्याच दिवशी सायंकाळच्या आत उरकतात आणि त्या तीन रात्री कुठे गेल्या हे कोणी विचारत नाही.

वस्त्र आणि अजिनाचा खुलासा ऐतरेय ब्राह्मणात (१.३) मिळतो. तो सोमयागाच्या दीक्षेचा आहे, मुंजीचा नव्हे, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहा. दीक्षिताला वस्त्र पांघरतात ते गर्भाभोवतीचं पातळ आवरण, उल्ब. त्यावर काळविटाचं कातडं घालतात ती वार, जरायू. दीक्षित मुठी मिटून बसतो, कारण गर्भही मुठी मिटूनच असतो. इतकं स्पष्ट सांगितलेलं असताना ‘अजिन म्हणजे पावित्र्य’ हे फार गुळगुळीत होतं.

मेखलेच्या मंत्रात तिला ‘स्वसा देवी सुभगा मेखलेयम्’ म्हटलंय, म्हणजे बहीण. वाईट बोलण्याला अटकाव करणारी आणि प्राण-अपानांनी बळ देणारी. अथर्ववेदात (६.१३३) ती श्रद्धेची मुलगी, तपातून जन्मलेली, ऋषींची बहीण आहे. तैत्तिरीय संहितेत (६.१.३) दीक्षितासाठी शर गवताची मेखला आहे. तिथली कथा अशी की अंगिरसांनी स्वर्गाला जाताना ऊर्ज (बळ) आपसांत वाटून घेतली आणि जी उरली तिचं शर झालं. ती ऊर्ज शरीराच्या मध्यावर बांधायची. तीन वेदांचा या मंत्रांत पत्ता नाही. तीन पदर आहेत, पण अर्थ पदरांत नसून गवतात आणि बांधण्यात आहे.

दंडाबद्दलही तिथेच (६.१.४) वाचा. वाणी देवांपासून निघून गेली आणि झाडांत शिरली. दुंदुभी, वेणू, वीणा यांतून बोलते ती तीच. दीक्षिताला काठी देतात ती वाणी मिळावी म्हणून. लांबी तोंडापर्यंत, तीही त्याच कारणाने. दंडाचा अर्थ शिक्षा किंवा संयम असा लावणाऱ्यांना हे कळलं तर चकित होतील. मुंजीत दंड कशाच्या उंचीचा घ्यायचा हे मात्र वेगळं आहे, ते माहुलीघाट सांगतील.

आणि पळस. पुस्तिकेत एकाच गोष्टीला अख्खं पान द्यायचं असेल तर ते पळसाला द्या. तैत्तिरीय संहितेत (३.५.७) गायत्रीने तिसऱ्या द्युलोकातून सोम आणला तेव्हा त्याचं एक पान तुटून पडलं, त्याचा पर्ण म्हणजे पळस झाला. पुढे देव ब्रह्माविषयी आपसांत बोलत होते आणि पळसाने ते ऐकलं, म्हणून त्याचं नाव सुश्रवा, चांगलं ऐकलेला. आता मेधाजननाचा मंत्र बघा: ‘सुश्रवः सुश्रवा असि’. तू जसा ऐकलेला आहेस तसं मलाही कर, तू देवांच्या यज्ञाच्या ठेव्याचा राखणदार आहेस तसा मी माणसांत वेदाच्या ठेव्याचा राखणदार होवो. बटू हे झाडाला पाणी घालता घालता म्हणतो. ज्या विद्येचं नावच श्रुती, तिच्या आरंभी कान असलेलं झाड उभं केलं आहे.

---

टकळी_आणि_सूत

९६ चौंग्यांवर लिहितो.

प्रचलित श्लोकाचा हिशेब असा: तिथी १५, वार ७, नक्षत्रं २७, तत्त्वं २५, वेद ४, गुण ३, काळ ३, महिने १२. बेरीज ९६. दुसरा हिशेब गायत्रीची २४ अक्षरं गुणिले चार वेद. तिसरा असा की माणसाची उंची स्वतःच्या बोटांनी ८४ ते १०८ अंगुळं भरते, त्याचा मध्य ९६. तिन्ही हिशेब बरोबर येतात आणि म्हणूनच मला त्यांचा संशय येतो. आकडा आधी होता, कारणं मागून आली.

कारागिरीच्या बाजूने बघितलं तर गोष्ट सोपी होते. एकेरी सूत चार बोटांभोवती ९६ वेढे मोजायचं. ते तिहेरी करून पीळ द्यायचा, मग पुन्हा तिहेरी करून घ्यायचं. म्हणजे मूळ लांबीचा नववा भाग उरतो आणि तोच जानव्याचा घेर. मोठ्या माणसाच्या चार बोटांभोवतीचा वेढा सुमारे १८ सें.मी. धरला तर ९६ वेढ्यांचे १७ मीटरच्या थोडं वर, त्याचा नववा भाग साधारण १ मीटर ९० सें.मी. आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांभोवती वेढा १३ सें.मी.च्या आसपास, तेव्हा साडेबारा मीटर सूत आणि १ मीटर ४० सें.मी.चा घेर. त्यातून पीळ आणि ब्रह्मगाठ थोडं खातात. दोन्ही मापं त्या त्या अंगाला खांद्यावरून नाभीच्या आसपास उतरतात. मोजणी ज्याचं जानवं त्याच्या बोटांवर केली की माप आपोआप जमतं. नाभीच्या वर राहिलं तर आयुष्य कमी, खाली लोंबलं तर तप कमी, असं वचन आहे, त्याचा रोख या मापाकडेच असावा.

बाजारात एकाच मापाची जानवी येतात, मोठ्यांच्या अंगाची. ती मुलाला घातली की मांडीपर्यंत जातात आणि विधी संपेपर्यंत तो ती सावरत बसतो. आयत्या वेळी गाठ मारून आखूड करतात, ती गाठ पाठीला टोचते. आधीच सूत आणून त्याच्या बोटांवर मोजून घ्या. काही घरांत तिहेरी पीळ दिलेल्या सुतावर ९६ मोजतात. तिथे हा हिशेब तिप्पट होतो, तेव्हा घरची रीत विचारून मगच कात्री लावा.

पिळाची दिशा चुकते ती अशी. पहिला पीळ ज्या बाजूला दिला त्याच्या उलट बाजूला दुसरा द्यावा लागतो. दोन्ही एकाच बाजूला दिले तर दोरा स्वतःभोवती गोळा होतो आणि धुतल्यावर पदर सुटे होतात. नऊ तंतूंवर ओंकार, अग्नी, नाग, सोम, पितर, प्रजापती, वायू, सूर्य, विश्वेदेव अशी नावं घालून आवाहन करतात. शेवटच्या नावांत पाठभेद आहेत, कुठे सूर्याच्या जागी यम येतो. ब्रह्मगाठीचे वेढे प्रवराप्रमाणे (गोत्राच्या ऋषींच्या संख्येप्रमाणे), बहुधा तीन किंवा पाच.

आणखी एक चूक सर्रास दिसते. ब्रह्मचाऱ्याला जानवं एकच. दुसरं सोडमुंजीच्या वेळी मिळतं. बाजारातून जोड आणतात आणि सकाळीच दोन्ही गळ्यात घालतात, मग दुपारी गुरुजी दुसरं मागतात तेव्हा पळापळ.

जाता जाता: जुन्या सूत्रांत उपवीत म्हणजे आधी अंगावर घ्यायचं वस्त्र. आपस्तंब धर्मसूत्र सांगतं की उपरणं नेहमी असावं, ‘अपि वा सूत्रमेवोपवीतार्थे’, किंवा त्याऐवजी नुसता दोराही चालेल. आश्वलायनांच्या उपनयनात जानवं देण्याचं वेगळं सूत्रच नाही. तीन धाग्यांची तीन ऋणं हे पुस्तिकेत टाका, सुंदर आहे, पण पहिल्या पानावर नको.

---

माहुलीघाट

साहित्याचं सांगतो. पुस्तिका चुकली तर पुन्हा छापता येते, मेखला भर सभेत तुटली तर पंचाईत.

मुंज गवत मिळालं नाही तर मनुस्मृतीनेच (२.४३) वाट ठेवली आहे: कुश, अश्मंतक म्हणजे आपटा, किंवा बल्वज नावाचं गवत. गाठी एक, तीन किंवा पाच. आपल्याकडे दर्भाचीच करतात आणि ते शास्त्राला धरून आहे. कृष्णेच्या काठी ओलीला दर्भ मिळतो. घेताना पात्याच्या कडेवरून हलकं बोट फिरवा, दर्भ कापतो. लव्हाळा त्याच्यासारखा दिसतो पण त्याची काडी तिकोनी असते आणि ती पिळली की पिचते. दर्भाच्या नावाखाली लव्हाळा गळ्यात पडला तर आदल्या रात्री मेखला वळताना कळतं आणि तेव्हा दुकानं बंद असतात.

माप असं. मुलाची कंबर साधारण ५५ ते ६० सें.मी., वर लंगोट आणि धोतराची जाडी. तीन वेढे आणि गाठ मिळून सव्वादोन मीटर दोर लागतो. दर्भ अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवून ओल्या पंचात गुंडाळून ठेवा आणि ओला असतानाच वळा. कोरडा वळला तर पेरांवर तुटतो. फार आधी, आठ दिवस अगोदर वळून ठेवला तर वाळून ताठ होतो आणि गाठ बसत नाही. दोन दिवस आधी वळा आणि बांधण्याआधी पुन्हा पाण्याचा हात फिरवा. जोड देताना प्रत्येक पदरातला जोड वेगळ्या ठिकाणी येऊ द्या, तिन्ही जोड एका जागी आले की दोर तिथेच सुटणार. मनूचे शब्द ‘त्रिवृत्समा श्लक्ष्णा’ आहेत: तिपदरी, सारखी, गुळगुळीत. म्हणून बाहेर आलेली टोकं कात्रीने साफ करा, नाहीतर पोरगं दिवसभर पोट खाजवतं.

वेढे प्रदक्षिण, म्हणजे उजवीकडून फिरवत. हिरण्यकेशींत गाठ नाभीच्या उत्तरेला मारून ओढत दक्षिणेला आणायची असते. आश्वलायनांत तशी बारीक सूचना नाही.

दंड ब्राह्मण बटूला आश्वलायनांप्रमाणे पळसाचा, मनू पळस किंवा बेल सांगतो. उंची केसांपर्यंत. क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. लाकूड सरळ, व्रण नसलेलं, सालीसकट आणि आगीत न भाजलेलं हवं. यातलं ‘सालीसकट’ हे आज हमखास मोडलं जातं. सुतार रंधा मारून, पॉलिश करून, वर सोनेरी रंगाची पट्टी लावून देतो. पळसाला सरळ काठी मिळणं मुळात कठीण, खोड वेडंवाकडंच वाढतं. त्यामुळे शोध महिनाभर आधी सुरू करा. पावसानंतर जमिनीतून फुटलेले धुमारे बऱ्यापैकी सरळ असतात. अंगठ्याएवढी जाडी पुरे. तोडल्यावर सावलीत आडवी ठेवून वर वजन ठेवा, उभी टेकवून ठेवली तर वाकते. उन्हात वाळवली तर साल सुटते.

मृगाजिनाचा विषय थोडक्यात. काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. खरेदी-विक्री नाहीच, आणि घरात जुनं कातडं असलं तरी मालकीचं प्रमाणपत्र लागतं. जानव्याला बांधायचा अंगठ्याएवढा तुकडा पूजेच्या दुकानात मिळतो म्हणून तो चालतो असं नाही. खरा असेल तर बेकायदा, आणि तो खरा असेलच याचीही खात्री नाही. मुद्दा असा की आश्वलायन सूत्राला कातडं सक्तीचं नाहीच. शब्द बघा: ‘अहतेन वाससा संवीतमैणेयेन वाऽजिनेन’. कोऱ्या वस्त्राने पांघरलेला, किंवा एण मृगाच्या अजिनाने. तो ‘वा’ तुमच्या कामाचा. कोरं म्हणजे न धुतलेलं, न वापरलेलं, काठ न कापलेलं सुती उपरणं. रंगीत घ्यायचं असेल तर त्याच सूत्रात ब्राह्मणाला काषाय म्हणजे भगवट, क्षत्रियाला मंजिष्ठाचा तांबडा, वैश्याला हळदीचा पिवळा. हळदीला तर सांगलीकरांना बाहेर जायला नको.

ही सूत्रं तिन्ही वर्णांचं सांगतात हे पुस्तिकेत एका ओळीत तरी यावं. साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांच्या काळात छत्रपतींच्या वेदोक्ताच्या (वेदमंत्रांनी संस्कार करण्याच्या) अधिकारावरून मोठा वाद झाला तेव्हा विरोधी बाजूला सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन होते. त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

---

हरिपूर_संगम

मनापासून आभार. पुस्तिकेचा अर्धा मजकूर आत्ताच खोडला. आणखी काही शंका. गायत्रीच्या वेळी आई-वडील आणि मुलगा यांच्यावर शाल घालतात, त्याचा अर्थ काय छापू? भिक्षावळीत काका-मामांनाही ‘भवति भिक्षां देहि’ म्हणायचं का? मातृभोजन कुठल्या सूत्रातलं? आणि सोडमुंजीचं राहिलंच.

---

पळसपान

शालीचा उगम सूत्रात आहे, पण तिथे ती डोक्यावर नाही. ‘वाससा पाणिभ्यां च पाणी संगृह्य’: आचार्याने वस्त्राने आणि आपल्या हातांनी बटूचे हात धरून सावित्री सांगायची. आधी एकेक पाद, मग अर्धी ऋचा, मग पूर्ण, आणि मुलाला जमेल तेवढं म्हणवून घ्यायचं. त्या हातावरच्या वस्त्राची आता शाल झाली. छापायचं तर ‘हात धरून दिलेली विद्या’ असं छापा, ‘गुप्त मंत्र’ नको. ऋग्वेदातलीच ऋचा आहे (३.६२.१०), तिच्यात गुप्त काही नाही.

म्हणवून घेताना दोन गोष्टी बिघडतात. एक, गुरुजी घाईत असतात आणि पाद तोडून सांगायचं सोडून एकदम पूर्ण मंत्र म्हणतात. मुलगा तीन शब्द पुटपुटतो आणि वाजंत्री सुरू होते. दुसरी, पहिला पाद मोजून बघा: तत्-स-वि-तुर्-व-रे-ण्यं, सातच अक्षरं भरतात. छंदासाठी ‘वरेणियं’ असं फोडून आठ धरतात, तेव्हा २४ पूर्ण होतात. पुस्तिकेत ‘२४ अक्षरी गायत्री’ छापणार असाल तर ही ओळ टाका, कोणीतरी बोटं मोडत २३ मोजणारच. वयाचाही या छंदांशी मेळ लावतात: गायत्रीचा पाद आठ अक्षरी, त्रिष्टुभाचा अकरा, जगतीचा बारा, आणि उपनयनाची वर्षंही आठ, अकरा, बारा. आठवं म्हणजे आठवं चालू असताना, आठ पूर्ण झाल्यावर नव्हे.

त्याआधी एक कृती होते तिकडे कोणाचं लक्ष नसतं. आचार्य आणि बटू दोघांच्याही ओंजळी पाण्याने भरतात आणि आचार्य आपली भरलेली ओंजळ त्याच्या भरलेल्या ओंजळीत रिती करतो. पूर्णातून पूर्णात. रिकाम्या ओंजळीत ओतलं तर सूत्राचा मुद्दाच जातो. मुलाच्या ओंजळीत आधी पाणी घालायला एक माणूस पळी घेऊन उभा ठेवा. मग अंगठ्यासकट हात धरायचा, ‘सविता ते हस्तमग्रभीत्’ आणि पुढे ‘अग्निराचार्यस्तव’. म्हणजे बटूचा हात सवित्याने धरला आहे आणि आचार्य म्हणून अग्नीला उभं केलं आहे, समोरचा माणूस निमित्त. नंतर सूर्य दाखवतात. कार्यालयाला वर पत्रा असेल तर बटूला अंगणात न्यावं लागेल. छताकडे बोट दाखवून ‘तो बघ सूर्य’ हे शोभत नाही.

हृदयाला हात लावून म्हणायचा मंत्रही छापा: ‘मम व्रते हृदयं ते दधामि’, शेवट ‘बृहस्पतिष्ट्वा नियुनक्तु मह्यम्’. लग्नातही जवळजवळ हाच मंत्र येतो, तिथे पारस्कर गृह्यसूत्रात बृहस्पतीच्या जागी प्रजापती येतो.

मातृभोजन गृह्यसूत्रांत नाही, तो आपला आचार. आईच्या पानात शेवटचं जेवण, पंगतीला आठ मुंजे. अर्थ सांगायची गरजच पडत नाही, बायकांचे डोळे सांगतात. सूत्रात नाही म्हणून गाळू नका.

---

टकळी_आणि_सूत

भिक्षेचं व्याकरण: ‘भवति’ हे भवती या स्त्रीलिंगी शब्दाचं संबोधन आहे. पुरुषापुढे ‘भवन् भिक्षां देहि’ किंवा आश्वलायनांचं ‘भवान् भिक्षां ददातु’. मामाला ‘भवति’ म्हटलं की मामा बाई होतो. ‘भवत्’ पहिलं, मधे की शेवटी, यावरून वर्ण कळायचा: भवति भिक्षां देहि, भिक्षां भवति देहि, भिक्षां देहि भवति.

पहिली भिक्षा कोणाकडे? सूत्र सांगतं, जो किंवा जी नाही म्हणणार नाही त्यांच्याकडे. म्हणून आई पहिली. आयुष्यातलं पहिलं मागणं फुकट जाऊ नये, एवढं साधं.

भिक्षेतल्या तांदळाला काम आहे. सूर्यास्तानंतर त्यातलाच भात शिजवून अनुप्रवचनीय होम करायचा असतो: पहिली आहुती सदसस्पतीला, दुसरी सावित्रीने, तिसरी ऋषींना, मग स्विष्टकृत. मूठभर भात पुरतो, पण तांदूळ कच्चा आणि कोरडा हवा. भिक्षावळीत लाडू, पाकिटं, चॉकलेटं येतात आणि तांदूळ शेवटच्या ताटात कुंकवात भिजलेला असतो. आईच्या ताटातले तांदूळ वेगळ्या वाटीत काढून त्यावर नाव घालून ठेवा, नाहीतर कार्यालयातली मंडळी आवरताना ते अक्षतांबरोबर झाडून टाकतात.

---

निबंधवाचक

वरच्या दोघांशी एका बाबतीत सहमत नाही. ‘मागून जोडलेलं’ म्हणून ९६ च्या बेरजेवर संशय घ्यायचा हे मला पटत नाही. मातृभोजनही मागूनच आलं आणि ते ठेवा म्हणता. हात धरायच्या वस्त्राची शाल झाली तीही बदललेलीच. जुनं आणि खरं हे एकच नव्हे. बेरीज पाठ करणाऱ्या मुलाला निदान २७ नक्षत्रं आहेत एवढं तरी कळतं.

सोडमुंजीचं असं. समावर्तन म्हणजे वेद शिकून झाल्यावरचं स्नान. मेखला काढायची, दंड सोडायचा, दुसरं जानवं घ्यायचं. सकाळी अकराला बांधलेली मेखला दुपारी तीनला सोडली तर चार तासांत विद्या संपली असा अर्थ होतो. अर्थाचा घोटाळा विचारलात तर तो इथे आहे. उपाय अवघड नाही. सोडमुंज चौथ्या दिवशी घरी करा, मेधाजननानंतर. कार्यालयाचं भाडं एकाच दिवसाचं लागतं आणि तीन रात्री जमिनीवर झोपणं मुलांना मजेचंच वाटतं. मीठ बंद हे मात्र त्याला आधी सांगून ठेवा. आणि गुरुजींची चौथ्या दिवशीची वेळ आजच ठरवा, वैशाखात त्यांच्या तारखा सलग लागलेल्या असतात.

वैशाखावरून एक. वळवाचा पाऊस आणि अकाली मेघगर्जना हा अनध्याय, म्हणजे वेद न शिकण्याची वेळ. मुंज हा पहिला धडा, म्हणून गडगडाट इतका मनावर घेतात. निबंधग्रंथांनी (धर्मशास्त्राची वचनं एकत्र करणाऱ्या ग्रंथांनी) शांती करून पुढे जाण्याची सोय ठेवली आहे. सांगलीत वैशाखात वळीव दुपारनंतर येतो, तेव्हा सावित्रीचा मुहूर्त सकाळचा धरा. धर्मशास्त्र आणि मांडव, दोन्ही कोरडे राहतील.

मुलींबद्दल कोणी विचारलं नाही, पण पुस्तिका वाचून विचारतील. हारीत या धर्मसूत्रकाराने स्त्रिया दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत, ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू. पहिल्या प्रकारच्यांना उपनयन, अग्नी, वेदाध्ययन आणि घरातच भिक्षा. पूर्वी कुमारींचं मौंजीबंधन होत असे, असं यमाच्या नावावरचं वचनही निबंधांत उद्धृत केलेलं आढळतं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने काढलेल्या धर्मकोशाचं संस्कारकांड मिळालं तर अशी वचनं एकत्र बघता येतात.

---

हरिपूर_संगम

सोडमुंज चौथ्या दिवशी घरी, असं घरात मान्य झालं. पहिलं पान पळसाचं. ९६ ची बेरीज चौकटीत टाकतो, ‘असंही मानतात’ लिहून, म्हणजे दोन्ही बाजू खूश. आता शेवटचं: मेधाजननाला पळसाची फांदी कुंडीत खोचली तर चालेल ना?

---

माहुलीघाट

सूत्रात ‘एकमूल पलाश’ आहे, म्हणजे एका मुळावर उभं असलेलं झाड. फांदीला मूळच नाही, मग पाणी घालायचं कोणाला? पळस न मिळाल्यास कुशाचा झुबका चालतो असं त्याच सूत्रात आहे, तेव्हा फांदी खोचण्यापेक्षा मुळासकट कुशाचा गड्डा बरा. पण चौथ्या दिवशी घरी करताय तर रोपवाटिकेतून पिशवीतलं रोप आणा, वीतभर उंचीचं. मोठं घेऊ नका. पळसाचं सोटमूळ खोल जातं, पिशवीत ते वळकटी होऊन बसलेलं असतं आणि मोठं रोप लावल्यावर जगत नाही.

तांब्याने तीन प्रदक्षिणा घालत पाणी शिंपायचं आणि मंत्र मुलाने म्हणायचा, गुरुजींनी एकट्याने नव्हे. उन्हाळ्यात रोप लगेच जमिनीत लावू नका. पिशवीतच अर्ध्या सावलीत ठेवा, एक दिवसाआड पाणी द्या आणि मृगाचे दोन पाऊस झाले की दीड-दोन फूट खड्ड्यात पिशवी उभी चिरून मुळाची माती न फोडता सोडा.